परवडणारे ॲल्युमिनियमचे कॅबिनेट : घरी जोडलेल्या संगणकासाठी कोणते घ्यावे?

पांढरे सोने (धागाकर्ता)

नमस्कार. दर्यापूर तालुक्यातील एका गावात माझे ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीकविम्याचे अर्ज, सातबाऱ्याच्या प्रती आणि मुलांचे प्रवेशअर्ज ही कामे वर्षभर चालतात. लग्नसराईत दोन छायाचित्रकारांचे अल्बम मांडून देण्याचे कामही मिळते. दुकान टिनाच्या शेडमध्ये असल्यामुळे रात्री संगणक तिथे ठेवण्याची हिंमत होत नाही. रोज संध्याकाळी तो दुचाकीच्या मागच्या सीटवर बांधून घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा, असा सहा वर्षांचा क्रम आहे.

सध्याचे कॅबिनेट साध्या लोखंडी पत्र्याचे आहे. मागच्या आठवड्यात बाजूचे झाकण उघडले, तेव्हा मागच्या पट्ट्यांच्या कडांवरून गंजाचा भुगा बोटाला लागला आणि तोच तांबूस भुगा मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात पडलेला दिसला. एका स्क्रूचे डोके तर पेचकस लावताच तुटून हातात आले. कारण मला ठाऊक आहे : टेबलाशेजारी कूलर आहे आणि त्यात बोअरचे पाणी पडते. आमचे पाणी किती खारे आहे ते या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना सांगायला नको. दोन महिन्यांत कूलरच्या जाळीवर मिठाचा पांढरा थर बसतो.

आता मायक्रो-एटीएक्स मापाचा मदरबोर्ड, ६५ वॅटचा प्रोसेसर, एक एसएसडी आणि जुनी मोठी हार्ड डिस्क असा नवा संच जोडायचा आहे. ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेटसाठी चार हजारांपेक्षा अधिक देता येणार नाहीत. ॲल्युमिनियमचे कॅबिनेट उन्हाळ्यात यंत्राला थंड ठेवते असे ऐकले आहे, ते खरे आहे का? त्याला हात लावला की करंट लागतो असेही सांगतात. आणि खिडक्यांचे सेक्शन बसवणारा आमच्या गावचा कारागीर म्हणतो की, "भाऊ, मीच बनवून देतो", त्याचे ऐकावे का?

संत्री बाग

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. ॲल्युमिनियम स्टीलच्या तिप्पट-चौपट वेगाने उष्णता वाहून नेते, हे खरे आहे. परंतु आपल्या प्रोसेसरची उष्णता कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. ती हीटसिंकमधून हवेत जाते आणि ती हवा पंख्याने बाहेर फेकली जाते. प्रोसेसर थेट पत्र्याला किंवा पत्र्याशी जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांना टेकवलेला असेल, म्हणजे बिनपंख्याचे कॅबिनेट असेल, तरच धातूला महत्त्व येते. आणि तसली कॅबिनेट आपल्या चार हजारांत बसत नाहीत.

हिशेब करून पाहा. संपूर्ण यंत्राने १२० वॅट उष्णता टाकली आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नाही असे ठरवले, तर तासाला सुमारे ३९ घनमीटर हवा बदलावी लागते. पंख्याच्या खोक्यावर छापलेल्या भाषेत ती २३ सीएफएम, म्हणजे मिनिटाला २३ घनफूट होते. १२० मिलिमीटरचा एक बरा पंखा मोकळ्या हवेत याच्या दुप्पट हवा फेकतो, पण जाळी, फिल्टर आणि धूळ आडवी आली की त्यातली बरीच गळते. म्हणून समोर एक आणि मागे एक, असे दोन पंखे धरावेत. वीज गेली, कूलर बंद पडला आणि यूपीएसवर अर्ज भरणे चालू राहिले, तर मे महिन्यात टिनाखालची हवा ४५ अंशांवर जाते. तेव्हा आत ५५ अंश असणारच, मग पत्रा सोन्याचा का असेना.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. चकचकीत, उघडे ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्सर्जन फार कमी करते; रंग दिलेला लोखंडी पत्रा त्यापेक्षा कितीतरी अधिक करतो. ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेल्या ॲल्युमिनियममध्ये ही उणीव बरीचशी भरून निघते. थंडाव्यासाठी म्हणून ॲल्युमिनियम घेऊ नका. तुमच्याजवळ त्याहून चांगली दोन कारणे आहेत, गंज आणि रोजची ने-आण.

रिवेट

मी अमरावतीला पत्र्याच्या कामात आहे, त्यामुळे वजनाचा आणि कारागिराचा विषय माझा समजतो.

३६ सेंटिमीटर उंच, २० रुंद आणि ३५ खोल असे मायक्रो-एटीएक्सचे कॅबिनेट धरले, तर सहा बाजूंचा पत्रा साधारण ०.५४ चौरस मीटर भरतो. तो ०.७ मिलिमीटर स्टीलचा असेल तर तीन किलोच्या जवळ जातो. ॲल्युमिनियमचा १ मिलिमीटर घेतला तर दीड किलोच्या आत राहतो. जाडी वाढवण्याचे कारण असे की, ॲल्युमिनियमची ताठरता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असते, ०.७ च्या स्टीलइतका न लवचणारा पत्रा हवा असेल तर ॲल्युमिनियमचा १ मिलिमीटर घ्यावाच लागतो. १.५ मिलिमीटर घेतला तर हाताला दणकट लागतो आणि तरीही वजन सव्वादोन किलोच्या आत बसते. याहून जाड पत्र्याचा आग्रह धरू नये. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि हार्ड डिस्क मिळून दोन-अडीच किलो होतात, ते काही कमी होणार नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

आता गावच्या कारागिराविषयी. खिडकीच्या सेक्शनचे ॲल्युमिनियम ६०६३ जातीचे, कडक केलेले असते. ते कापावे, कोपऱ्यात जोडावे, पण काटकोनात वाकवू नये. बाहेरच्या कडेला चीर पडते. त्या सेक्शनचा सांगाडा आणि त्यावर रिवेट मारलेला साधा पत्रा, इतके त्याच्याकडून उत्तम होईल. वाकवायचाच असेल तर ५०५२ जातीचा पत्रा मागावा, तो वाकताना फुटत नाही. अडचण मागच्या बाजूची आहे. बोर्डाचे पोर्ट जिथून बाहेर येतात ती चौकट, एसएमपीएसची खिडकी आणि कार्डाच्या पट्ट्या यांची मापे अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी काही बसत नाही, आणि हे काम ग्राइंडरने होत नाही. एखाद्या मोडक्या कॅबिनेटचा मागचा पत्रा आणि बोर्डाचा ट्रे तसाच कापून घ्यावा आणि भोवतीचे खोके नवे करावे, ही युक्ती मी दोनदा वापरली आहे.

एक सूचना कळकळीने करतो. कारागीर एसीपी शीट सुचवील, कारण दुकानांच्या पाट्यांचे तुकडे त्याच्याकडे पडलेले असतात. ते घेऊ नका. त्यात दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा आणि मध्ये प्लास्टिक असते. ते पेट घेऊ शकते, आणि एका बाजूचा पापुद्रा दुसऱ्या बाजूला विजेच्या दृष्टीने जोडलेला नसल्यामुळे आर्थिंगचाही बोजवारा उडतो.

जुना वायरमन

करंटचा प्रश्न मागे पडू नये म्हणून सविस्तर लिहितो. हा धातूचा दोष नाही, घराच्या वायरिंगचा दोष आहे.

प्रत्येक एसएमपीएसमध्ये विजेच्या तारेवरचा गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याकडे एक-एक लहान कपॅसिटर जोडलेला असतो. डबा आर्थिंगला जोडलेला असेल तर त्यातून येणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत निघून जातो. आर्थिंग नसेल तर डबा दोघांच्या मध्ये लोंबकळत राहतो आणि त्यावर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. प्रवाह सहसा एक मिलिॲम्पिअरच्याही आत असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात, पण टेस्टर पेटतो आणि माणूस घाबरतो. लोखंडी कॅबिनेटला रंग असल्यामुळे हाताला ते जाणवत नाही, उघड्या ॲल्युमिनियमला जाणवते. त्यावरून "ॲल्युमिनियम करंट मारते" ही समजूत पसरली आहे. रंगाच्या कॅबिनेटलाही तोच करंट असतो. मला तर झिणझिण्या देणारे कॅबिनेट बरे वाटते, कारण ते निदान आर्थिंग नसल्याचे सांगते. उद्या एसएमपीएसमध्ये खरेच आतली तार डब्याला टेकली, तर आर्थिंगवाचून तोच डबा जीव घेऊ शकतो.

म्हणून कॅबिनेट घेण्याआधी सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रात खरोखर आर्थिंग पोहोचते का, ते वायरमनकडून तपासून घ्यावे. बऱ्याच दुकानांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो आणि मागे दोनच तारा असतात. एक्स्टेन्शन बोर्डाचेही तसेच. आपल्या काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव आहे : एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते, पाइपाभोवतीची माती आकसून सुटते आणि पावसाळ्यात चांगली असलेली आर्थिंग उन्हाळ्यात निकामी होते. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात त्या दिवसांत आठवड्यातून बादलीभर पाणी ओतणे, हा जुना उपाय आजही खरा आहे. खारपाणपट्ट्यातली माती वीज चांगली वाहून नेते, पण जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तितक्याच लवकर खाते, त्यामुळे काही वर्षांनी तो उकरून पाहावा. सोबत ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवली तर फारच चांगले.

आता ॲल्युमिनियमची खरी गोम. ॲनोडाइज केलेला थर वीज वाहू देत नाही. सुटे पत्रे रिवेटने जोडलेले असतील तर एक बाजू आर्थिंगला आणि दुसरी अधांतरी, असे होऊ शकते. एसएमपीएसच्या चार स्क्रूंपैकी एकाखालचा थर चाकूने खरवडावा, तिथे दातेरी वॉशर घालावा आणि प्रत्येक पत्रा मल्टिमीटरने प्लगच्या आर्थिंगच्या पिनेशी तपासावा. वाचन एक ओहमच्या आत यायला हवे.

खारपाण

मी अकोट भागातला आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे, ते कोणी मनावर घेऊ नये.

धागाकर्त्याचे दुखणे कॅबिनेटमध्ये नसून कूलरमध्ये आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे आहे. कूलरमधून उडणारे बारीक थेंब टेबलावर सुकतात आणि मीठ मागे राहते. हे मीठ ॲल्युमिनियमलाही सोडत नाही. तांबूस गंज चढणार नाही हे मान्य, पण पांढरी भुकटी धरते आणि पत्र्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्यातच बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारे पितळी स्टँडऑफ ॲल्युमिनियममध्ये बसवलेले असले, तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि झिजते ते ॲल्युमिनियमच. आणि कॅबिनेट कितीही चांगले असले तरी बोर्डावरचे सांधे, रॅमच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या आणि पोर्ट यांना मीठ लागायचे ते लागतेच.

म्हणून माझा सल्ला असा : दोन हजारांत पावडर कोटिंगचे बऱ्यापैकी जाळीदार स्टीलचे कॅबिनेट घ्यावे, उरलेल्या पैशांत कूलर खिडकीबाहेर बसवून घ्यावा आणि शक्य तेव्हा त्यात नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घालावे. माझे स्टीलचे कॅबिनेट चार वर्षांपासून शाबूत आहे, कारण ते कूलरच्या झोताबाहेर आहे.

पांढरे सोने

आपले म्हणणे पटते आणि कूलर खिडकीबाहेर बसवून घेण्याचे मी ठरवले आहे. नळाच्या पाण्याचे मात्र काही जमणारे नाही. नळाला येते ते पिण्याला पुरते. शिवाय वजन उरतेच. रोज दोनदा उचलायचे आहे आणि पावसाळ्यात कॅबिनेटवर ताडपत्री गुंडाळली तरी कडांतून ओल लागते. पत्रा कापलेल्या कडेवर पावडर कोटिंग टिकत नाही हे मी या जुन्या कॅबिनेटवर पाहिले आहे. गंज नेमका तिथूनच सुरू झाला होता.

संत्री बाग

ने-आणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. दुचाकीवर नेताना कॅबिनेट आडवे ठेवावे, म्हणजे बोर्ड खाली आणि झाकण वर येते. उभे नेले तर खड्ड्यांचा प्रत्येक हिसका हीटसिंकच्या वजनाने बोर्डाला बसतो. मोठी हार्ड डिस्क रोज हिंडवण्यापेक्षा घरीच ठेवून आठवड्याला तिच्यावर प्रती काढाव्यात, असे मला वाटते.

खरेदीविषयी एक इशारा द्यायचा आहे. बाजारात "ॲल्युमिनियम" म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक कॅबिनेटचे फक्त बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात आणि आतला सांगाडा स्टीलचा असतो. लियान ली ही तैवानची कंपनी १९८३ पासूनची आणि ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटसाठीच नावाजलेली. पण तिच्या २०१८ साली आलेल्या आणि गाजलेल्या ओ-११ डायनॅमिकमध्येसुद्धा ॲल्युमिनियमबरोबर स्टील आणि काच आहे. यात फसवणूक काही नाही, तपशिलात तसे लिहिलेले असते. आपण वाचत नाही. दुकानात जाताना जुन्या स्पीकरचा चुंबक खिशात ठेवावा आणि बाहेरून नव्हे, तर झाकण उघडून बोर्डाच्या ट्रेला लावून पाहावा. तुमचा गंज आतूनच सुरू झाला होता ना?

संपूर्ण ॲल्युमिनियमचे नवे कॅबिनेट चार हजारांत मिळेल असे मला वाटत नाही. जुने मात्र मिळू शकते. मदरबोर्ड बदलत राहतात, कॅबिनेटची मापे बदलत नाहीत; एटीएक्सचा आराखडा १९९५ चा आहे आणि मायक्रो-एटीएक्सचा २४४ बाय २४४ मिलिमीटरचा बोर्ड पंधरा वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्येही त्याच भोकांवर बसतो. जुन्या कॅबिनेटमध्ये दोन त्रुटी अनेकदा सापडतात : समोरचे यूएसबी जुन्या पिढीचे असतात आणि पंख्यांची जागा ८० मिलिमीटरची असते.

रिवेट

पंख्याची जागा वाढवता येते, ॲल्युमिनियम त्याबाबतीत गरीब असते. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंमधले अंतर १०५ मिलिमीटर असते. कागदावर आखून तो पत्र्याला चिकटवावा, आधी चार भोके पाडावीत आणि मगच मधला गोल कापावा. सगळे सुटे करून कापावे, हे सांगायला हवेच. ॲल्युमिनियमचा कीस बोर्डावर पडला तर शॉर्ट सर्किट ठरलेले आहे.

जुने कॅबिनेट घेताना स्क्रूचे आटे तपासावेत. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे वारंवार उघडझाप झालेली भोके गुळगुळीत होतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. तसे झाले असल्यास मोठा स्क्रू कोंबू नये. रिवेट-नट (पत्र्यात रिवेटसारखे पक्के बसणारे आट्यांचे नट) बसवून घ्यावे, आमच्याकडे पाच मिनिटांचे काम असते. स्टँडऑफ बदलायचेच असतील तर खारपाण यांच्या मुद्द्याला धरून पितळेऐवजी जस्ताच्या मुलाम्याचे स्टीलचे घ्यावेत.

खारपाण

फिल्टरचे कोणीच बोलले नाही. तुमच्याकडे जिनिंग जवळ आहे का? हंगामात कापसाचे तंतू उडतात आणि हीटसिंकच्या पात्यांत अक्षरशः नमद्यासारखे बसतात. तूर काढण्याच्या दिवसांत कुटाराची धूळ वेगळी. मच्छरदाणीची जाळी समोरच्या पंख्यावर ताणून बसवली तर बारीक धूळ थांबत नाही, पण तंतू थांबतात, आणि ती रोज संध्याकाळी झटकता येते.

पांढरे सोने

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. नागपूरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा सीताबर्डीवर जुन्या सामानाच्या एका दुकानात कोपऱ्यात ठेवलेले कॅबिनेट दिसले. चुंबक बाहेर लागला नाही, आतल्या ट्रेलाही लागला नाही, फक्त हार्ड डिस्कच्या खणाला लागला. दुकानदाराने पंचवीसशे सांगितले, बावीसशेला सौदा झाला. गावी आल्यावर कृषी केंद्राच्या काट्यावर दोन्ही कॅबिनेट ठेवून पाहिली : जुने ५ किलो १०० ग्रॅम आणि हे ३ किलो ४०० ग्रॅम. कारागिराने समोर १२० चे भोक कापून दिले. गोल थोडा लंबुळका झाला आहे, पण जाळीखाली झाकला जातो. दोन आटे गेलेले होते, ते रिवेट-नटने सुधारले.

आर्थिंगचा निकाल मात्र लाजिरवाणा निघाला. वायरमनने सॉकेट उघडला, तर हिरवी तार होती, पण ती मागे टेपने गुंडाळून तशीच सोडलेली होती. म्हणजे सहा वर्षे मी अधांतरी डब्यावर हात ठेवून अर्ज भरत होतो. आता तार जोडली आहे, एका स्क्रूखाली थर खरवडला आहे आणि पाचही पत्र्यांवर वाचन अर्ध्या ओहमच्या आत आहे. डावे झाकण तेवढे आधी काहीच दाखवत नव्हते. त्याच्या आतल्या कडेलाही खरवडावे लागले.

एक अडचण उरली आहे. समोरच्या बटनाच्या आणि दिव्यांच्या तारांवरची अक्षरे पुसली गेली आहेत. बोर्डाच्या पुस्तिकेत नऊ पिनांची आकृती आहे, पण कोणती तार कशाची हे कळत नाही. चुकीची लावली तर बोर्ड जळेल का?

जुना वायरमन

बटनाच्या तारेला उलटसुलट नसते, त्यामुळे त्या बाबतीत निश्चिंत राहा. मल्टिमीटर सातत्याच्या (तार जोडलेली असली की वाजणाऱ्या) खुणेवर ठेवून एकेका जोडीला लावा आणि समोरचे मोठे बटन दाबा. दाबल्यावर जी जोडी वाजेल ती सुरू करण्याची, लहान बटनाने वाजेल ती रीसेटची. ज्या दोन जोड्या कशानेच वाजत नाहीत त्या दिव्यांच्या. दिवा उलटा लागला तर पेटत नाही एवढेच, मग फिरवून लावावा. प्रचलित मांडणीत सुरू करण्याचे बटन सहा आणि आठ क्रमांकाच्या पिनांवर येते, रीसेट पाच आणि सातवर. नऊ क्रमांकाच्या पिनेवर मात्र काही लावू नका, तिथे पाच व्होल्ट असतात. पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहूनच जोडा.

पांढरे सोने

सहा आणि आठवर लावले आणि यंत्र सुरू झाले. काकाजी, मनःपूर्वक आभार. एक जादा तार हातात उरली होती, ती कशानेच वाजेना आणि तिने कुठला दिवाही पेटेना. माग काढत गेलो तेव्हा ती समोरच्या पत्र्यामागच्या लहानशा बीपरची निघाली.